आर्टिकलशिपची दोन वर्षं: नागपुरात ऑडिट शिकता शिकता सीए फायनलपर्यंत

इंटरचा, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेचा, निकाल लागला की आमच्या धंतोलीतल्या ऑफिसात फोन सुरू होतात. "सर, आर्टिकल घेता का?" आर्टिकल म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकणारा विद्यार्थी. बोलतात बहुधा वडील, मुलगा शेजारी उभा असतो. त्यांचा दुसरा प्रश्नही ठरलेला: "अभ्यासाला वेळ मिळेल ना?" मी याच शहरात आर्टिकल होतो, आता माझ्याकडे चार-पाच जण शिकायला असतात, आणि या प्रश्नाचं उत्तर फोनवर मला कधीच नीट देता आलेलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ऑफिस एका खात्यात आणि अभ्यास दुसऱ्या खात्यात टाकणाऱ्यांचा दोन्हीकडे तोटा होतो. ऑफिसात जे व्हाउचर, म्हणजे खर्चाची पावती-चिठ्ठी, हातात येतं, त्यात फायनलचे दोन-तीन पेपर दडलेले असतात. ते कसं वाचायचं एवढंच शिकायचं असतं, आणि नेमकं तेच कुणी बसवून शिकवत नाही.

आधी कॅलेंडर काढा

१ जुलै २०२३ पासून आयसीएआयची, म्हणजे सीएंच्या राष्ट्रीय संस्थेची, नवी योजना लागू झाली आणि तीन वर्षांची आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली. आता इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय रुजू होता येत नाही. त्याआधी आयसीआयटीएसएस या सक्तीच्या प्रशिक्षणाचे दोन कोर्स करायचे: आयटीचा पंधरा दिवसांचा आणि ओरिएंटेशनचा पंधरा दिवसांचा. निकालाची वाट बघत घरी बसलेले असता, तेव्हाच आयसीएआयच्या धंतोलीच्या शाखेत बॅचची चौकशी करून हे उरकून घ्या. निकालानंतर बॅच भरलेल्या असतात आणि मग रुजू व्हायची तारीख घसरते.

तारीख घसरली तर काय बिघडतं? दोन वर्षं पूर्ण झाल्यावर सहा महिने अभ्यासाचे, आणि त्यानंतरच फायनलला बसता येतं. परीक्षा वर्षातून तीनदा, जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये. म्हणजे मेच्या परीक्षेला बसायचं तर तुमची दोन वर्षं आदल्या ऑक्टोबरअखेर संपलेली हवीत. कुणी आठ दिवस आरामात गेले म्हणून आठ नोव्हेंबरला रुजू झाला, तर त्याची मे गेली आणि तो सप्टेंबरवर ढकलला गेला. आठ दिवसांच्या आरामाचे चार महिने झाले. काठावरची तारीखही धरू नका, कारण रजा जास्त झाल्या की ट्रेनिंग तेवढ्या दिवसांनी लांबतं. रजा वर्षाला फक्त बाराच आहेत. मारबत, महालक्ष्म्या, मावशीकडचं लग्न, सगळं त्या बारांत बसवायचं.

रुजू झाल्यावर डीड (करारपत्र) म्हणजे फॉर्म १०२ आणि नोंदणीचा फॉर्म १०३, हे तीस दिवसांच्या आत पोर्टलवर गेले पाहिजेत. "सर करतील" असं समजून थांबू नका. सर सप्टेंबरात तुमचं नावही विसरलेले असतात. स्टॅम्प पेपर स्वतः आणा, सही घ्या, अपलोड करा आणि मंजूर झाल्याचा निरोप फोल्डरमध्ये ठेवून द्या.

फर्म निवडताना

नागपुरात फर्म कुठली यापेक्षा तिचे क्लायंट कुठले, हे विचारा. गांधीबाग-इतवारीच्या व्यापाऱ्यांचं काम असलेल्या फर्ममध्ये टॅक्स ऑडिट आणि जीएसटी भरपूर मिळेल, पण कंपनी ऑडिट जेमतेम. बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वरच्या एमआयडीसीतले कारखाने असतील तर कॉस्टिंग, स्टॉक, अंतर्गत नियंत्रण शिकाल. वेकोलि (कोळसा) आणि मॉइल (मँगनीज) या दोन्ही सरकारी कंपन्यांची मुख्यालयं इथेच आहेत. सरकारी कंपनीचे ऑडिटर कॅग (देशाचा महालेखापरीक्षक) नेमतो, आणि असं काम एखाद्या फर्मकडे असेल तर कागदपत्रांची शिस्त काय असते ते तिथे दिसतं. मोठं नाव बघून गेलात आणि दोन वर्षं एकाच कंपनीच्या एकाच शाखेत बिलं तपासत बसलात, असंही होतं. मध्यम आकाराची, आठ-दहा आर्टिकल असलेली, बँक ऑडिट मिळणारी फर्म मी बहुतेकांना सुचवतो.

मुलाखतीला जाल तेव्हा सरांआधी किंवा नंतर तिथल्या एखाद्या सीनियर आर्टिकलला बाहेर चहाला गाठा. त्याला तीनच गोष्टी विचारा. तुझं काम तपासतं कोण? गेल्या सहा महिन्यांत किती वेगवेगळ्या क्लायंटकडे गेलास? आणि परीक्षेच्या आधी सुट्टीवरून कटकट होते का? पहिल्या प्रश्नाला "कुणी नाही, थेट सही होते" असं उत्तर आलं तर चहाचे पैसे देऊन परत या.

स्टायपेंडचा किमान आकडा शहराच्या लोकसंख्येवर ठरतो, आणि २०११ च्या जनगणनेत चोवीस लाखांच्या घरात असलेलं नागपूर वीस लाखांवरच्या वरच्या गटात येतं. रक्कम खात्यातच घ्या. डमी आर्टिकलशिप, म्हणजे कागदावर रुजू आणि प्रत्यक्षात घरी अभ्यास, कुणी सुचवली तर त्या वाटेला जाऊ नका. उघडकीला आली तर कारवाई होते ते आहेच, पण तसं पास झालेल्या मुलाला पहिल्या नोकरीत बँक रिको, म्हणजे बँकेच्या उताऱ्याशी वहीचा मेळ, करता येत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पहिला महिना: एक व्हाउचर नीट वाचणं

पहिल्या दिवशी तुम्हाला व्हाउचिंगला, म्हणजे व्हाउचर नोंदींशी ताडून बघायला, बसवतील. समोर टॅली, बाजूला फायलींचा गठ्ठा, हातात हिरवं पेन. दुपारपर्यंत दोनशे टिकमार्क होतात आणि संध्याकाळी विचारलं की त्या दोनशेंत काय होतं, तर आठवत एकही नाही.

त्याऐवजी एक व्हाउचर घेऊ. कळमन्याकडची एक डाळ मिल आहे असं समजा. व्हाउचर: "गाडीभाडं, रोख, २८,५००". वाडीच्या एका गाडीमालकाची सही, मागे चिठ्ठी. रक्कम जुळली, सही आहे, टिक. नवा आर्टिकल इथेच पुढे जातो.

आता थांबून वाचा. धंद्यात एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिले तर तो खर्च आयकरात नामंजूर होतो, मात्र मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा पस्तीस हजारांची आहे. २८,५०० म्हणजे चालतंय. पण मर्यादा दिवसाची आणि माणसाची आहे, व्हाउचरची नाही. म्हणून त्याच तारखेची रोकड वही उघडा. चार पानं मागे त्याच मालकाचं अजून एक व्हाउचर सापडलं, १४,००० चं. झाले ४२,५००. ही तुमची पहिली क्वेरी, म्हणजे क्लायंटला विचारायची शंका.

मग टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर. एक बिल तीस हजारांच्या आत आहे, म्हणून कापलेला नाही, असं अकाउंटंट सांगेल. त्या मालकाचं लेजर, म्हणजे खात्याचं पान, काढा. वर्षाची बेरीज एक लाखावर गेली की कपात लागते. ती टळते कधी? त्याच्याकडे दहा किंवा कमी गाड्या आहेत असं डिक्लरेशन पॅनसकट दिलेलं असेल तर. ते डिक्लरेशन फायलीत आहे का, बघा.

मग जीएसटी. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टरची मालपावती, आहे का? बिल्टी नसेल आणि नुसता ट्रक भाड्याने लावला असेल तर गोष्ट वेगळी. बिल्टी असेल आणि ट्रान्सपोर्टरने स्वतः कर लावलेला नसेल, तर रिव्हर्स चार्जने आपल्या क्लायंटला भरावा लागतो. पण गाडीत काय होतं? डाळ असेल तर तिच्या वाहतुकीला सूट आहे. इंदूरहून मिलच्या मशीनचे सुटे भाग आले असतील तर नाही. व्हाउचरवर नुसतं "गाडीभाडं" लिहिलेलं असतं, माल काय होता ते बिल्टीत असतं.

एका व्हाउचरला वीस मिनिटं गेली. प्रत्यक्ष कर, अप्रत्यक्ष कर आणि ऑडिट, फायनलचे तीन पेपर एका चिठ्ठीत उलगडले. दिवसभरात अशी पाचच वाचा, बाकीची नेहमीच्या वेगाने करा. संध्याकाळी घरी जाऊन त्या पाचांची कलमं पुस्तकात शोधा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे आकडे बदललेत आणि जुन्या वर्षांची प्रकरणं मात्र जुन्याच कायद्याखाली चालतात. त्यामुळे तत्त्व आधी पक्कं करा, आकडा मग. मी आकडे मुद्दामच दिलेले नाहीत.

क्वेरी विचारायची कशी

क्लायंटकडचा अकाउंटंट हा तुमच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा असतो आणि दरवर्षी एक नवा आर्टिकल त्याला तेच प्रश्न विचारायला येतो. "तुम्ही मर्यादा मोडली" असं म्हटलंत की दिवसभर फाइल मिळत नाही.

"काका, सोळा तारखेची ही दोन व्हाउचर एकाच गाडीमालकाची दिसतात. दोन फेऱ्या झाल्या होत्या का?"

"एक गाडी काटोल नाक्याजवळ बंद पडली बाबू, दुसरी लावली. मालक तोच."

"मग दुसऱ्या गाडीची बिल्टी असेल ना? तेवढी दाखवता का?"

यात आरोप नाही आणि माहिती मात्र सगळी आली. आता ती कागदावर उतरवा. क्वेरी शीटमध्ये तारीख, व्हाउचर नंबर, रक्कम, काय आढळलं, काकांनी काय सांगितलं, कुठला कागद बघितला, सगळं. "चर्चा केली, समाधानकारक" हे वाक्य मी माझ्या ऑफिसात बंद केलंय. ऑडिटचं मानक २३० सांगतं की या कामाशी आधी कधीही संबंध न आलेल्या अनुभवी ऑडिटरला तुमचे पेपर वाचून काय केलं आणि काय निष्कर्ष निघाला ते कळलं पाहिजे. आमच्याकडे याची चाचणी सोपी आहे. एकाची फाइल दुसऱ्या आर्टिकलला द्यायची आणि पहिल्याला खोलीबाहेर पाठवायचं.

माझी गाठींची फजिती

आर्टिकल असताना एका ३१ मार्चला मला हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये स्टॉक मोजायला पाठवलं. सकाळची एसटी, दहा वाजता डोक्यावर ऊन. आवारात कापसाच्या गाठींची थप्पी: लांबीत चौदा, रुंदीत आठ, उंचीत सहा. गुणाकार ६७२. पुस्तकातला आकडाही ६७२. एक गाठ साधारण १७० किलोची, म्हणजे एकशे चौदा टन रुई तंतोतंत जुळली होती. मी खुशीत फोटो काढले, शीटवर सही घेतली, मालकाने पाजलेला उसाचा रस प्यालो आणि परत आलो.

सीनियर दादाने फोटो मोठा करून बघितला आणि एवढंच विचारलं, "गाठींवर मार्क कोणता होता रे?" मला प्रश्नच कळला नाही. प्रत्येक गाठीवर प्रेसचा मार्क, लॉट, गाठ नंबर आणि वजन असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटी. उजवीकडच्या रांगांत ११८ गाठी दुसऱ्याच व्यापाऱ्याच्या मार्काच्या निघाल्या, प्रेसिंगसाठी आलेल्या. आमच्या क्लायंटने त्या फक्त दाबून दिल्या होत्या. मोजणी अचूक होती, माल त्याचा नव्हता. वीस टन.

त्या दिवसापासून स्टॉक मोजताना मी ही कामं याच क्रमाने करतो आणि करायला लावतो. आधी गेटचं रजिस्टर: शेवटची आवक आणि शेवटची जावक, दोन्हींचे नंबर टिपून घ्या, म्हणजे नंतर तारखा मागेपुढे झाल्या तर पकडता येतात. मग चक्कर मारून कुणाकुणाचा माल आहे ते विचारा. त्यानंतर मोजा, थप्पीच्या मधे पोकळी तर नाही ना हे वर चढून बघा. चार गाठी पुस्तकातून निवडून आवारात शोधा आणि चार आवारातून निवडून पुस्तकात शोधा. उलटसुलट दोन्ही, कारण एकाने नसलेला माल सापडतो आणि दुसऱ्याने न लिहिलेला. फायनलला ऑडिटच्या पेपरात मानक ५०१ वर प्रश्न आला तेव्हा मी पाठांतर केलेलं काही लिहिलं नाही, हिंगणघाट लिहिलं.

एप्रिलमधलं बँक ऑडिट

मार्च संपला की आठ-दहा दिवस शाखेत जायचं. कूलरसमोरची खुर्ची मॅनेजरची असते, तुम्ही स्ट्राँगरूमच्या भिंतीला लागून. काटोल-नरखेडकडची शाखा मिळाली तर केसीसीची, म्हणजे पीककर्जाची खाती ढिगाने असतील. साध्या कर्जाला नव्वद दिवसांचा नियम लागतो, पण अल्पमुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं आणि दीर्घमुदतीच्या पिकाचं एक हंगाम थकलं की. म्हणून आधी विचारा: पीक कोणतं, हंगाम कोणता धरलाय? कपाशी, सोयाबीन, तूर एका गटात. संत्र्याच्या बागेच्या मुदतकर्जाला तो नियम डोळे झाकून लावू नका.

आणि "नवं-जुनं" शोधा, म्हणजे जुनं कर्ज फेडल्याचं दाखवून लगेच नवं देणं. खात्याचा उतारा काढा. २८ मार्चला एक लाख साठ हजार जमा, ३० मार्चला एक लाख पंचाहत्तर हजार उचल. दोन दिवसांसाठी पैसा आला कुठून? जमेची स्लिप मागा. नियमाप्रमाणे खरोखर भरून नव्याने उचललं असेल तर ठीक, पण तीच रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरून पाच खाती नियमित झाली असतील तर ते सरांना लगेच सांगा, परतीच्या गाडीत नाही. नंतर एमओसी (हिशोबातल्या दुरुस्तीची नोंद) घालण्याच्या वेळा निघून जातात.

अभ्यास कधी

कामाचे तास आठवड्याला पस्तीस, असा नियम आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात तो पाळला जातो असं मी सांगितलं तर माझेच आर्टिकल हसतील. टॅक्स ऑडिटची तारीख ३० सप्टेंबर, कंपन्यांच्या सभाही तेव्हाच. मुदतवाढ येईल या भरवशावर कुणी राहू नये. त्या दोन महिन्यांत नव्या विषयाला हात लावू नका, फक्त दिवसभर जे केलं त्याचं वाचन करा. टॅक्स ऑडिटच्या ३सीडी फॉर्मचं कलम भरताना प्रत्यक्ष कराचं तेच प्रकरण वाचलं तर सप्टेंबरअखेर निम्मा विषय तयार असतो.

फायनान्शियल रिपोर्टिंग आणि अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट हे मात्र ऑफिसात आपोआप होत नाहीत. त्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी द्या. हवा थंड, काम त्यातल्या त्यात कमी, सकाळी सहा ते साडेआठ रोज. हिंगणा रोडहून किंवा खापरीहून मेट्रोने येत असाल तर सीताबर्डीपर्यंतचा वेळ व्याख्यानं ऐकण्यात घालवण्यापेक्षा एमसीक्यू (पर्यायी उत्तरांचे प्रश्न) सोडवण्यात घाला, पेपरात तीस टक्के गुण त्यांचे असतात. व्याख्यानं दुप्पट वेगाने ऐकून "सिलॅबस झाला" म्हणणारे मला नेहमी भेटतात. वही बघितली की कोरी असते.

आपापल्या गतीने शिकायच्या सेल्फ पेस्ड मॉड्यूलचे चार सेट आहेत आणि ते फायनलआधी पास व्हावे लागतात. पहिल्या वर्षातच दोन उरकून टाका. प्रगत आयटी आणि मॅनेजमेंट-कम्युनिकेशनचे कोर्सही फायनलआधीच लागतात. हे सगळं अभ्यासाच्या सहा महिन्यांवर टाकलेल्यांचे पहिले दोन महिने त्यातच जातात. सहावा पेपर पुस्तक उघडून लिहायचा, एकेका कंपनीच्या गोष्टीवर, सगळे विषय एकत्र. पुस्तकात शोधत बसलात तर वेळ संपतो. तीन-चार क्लायंटच्या फायली आतून बाहेरून वाचलेल्यांना तो त्यामानाने सोपा जातो.

कुरबुरी

मला पहिले आठ महिने एका ठिकाणी फक्त टीडीएसची विवरणपत्रं भरायला बसवलं होतं. मी मनातल्या मनात चिडत राहिलो, ते चुकलं. नंतर एका शनिवारी माझी वर्क डायरी प्रिंट करून सरांच्या टेबलावर ठेवली: कुठल्या महिन्यात कुठलं काम, किती दिवस. काही बोलावंच लागलं नाही. पुढच्या सोमवारी एका कारखान्याच्या ऑडिटला गेलो. डायरी रोजच्या रोज भरा ती यासाठी. फर्म सोडून दुसरीकडे जाणं आता सोपं नाही, मान्य कारण लागतं. कारखान्यांत रस असेल तर शेवटच्या वर्षात नऊ ते बारा महिन्यांचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग घेता येतं, पण सरांना आधीपासून सांगून ठेवा.

क्लायंटच्या ट्रायल बॅलन्सचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर "हे कसं करू रे" म्हणून टाकू नका. नागपूर मोठं असलं तरी इतवारी छोटी आहे, त्या ग्रुपमध्ये त्याच व्यापाऱ्याचा भाचा असतो.

शेवटच्या आठवड्यात आर्टिकलशिप पूर्ण झाल्याचा फॉर्म १०८ भरून घ्या आणि फायली सोपवा. प्रत्येक क्लायंटसाठी एक पान लिहा: कुठली बाकी पत्रं (येणं-देणं मान्य असल्याची पत्रं) आली, कुठली नाहीत, कुठल्या क्वेरीला उत्तर मिळालेलं नाही, जुन्या फायलींच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते आणि कुठल्या काकांना जेवणानंतर प्रश्न विचारलेले चालत नाहीत. शेवटची ओळ नवीन आर्टिकलला सगळ्यात जास्त उपयोगी पडते.